भरलेल्या फाईलला हात

ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असण्याची शक्यता आहे. जालन्यात राहत असाल आणि गेल्या काही वर्षांत एखाद्या लग्नात, साखरपुड्यात किंवा कुणाच्या निवृत्तीच्या जेवणात माझ्या आसपास बसला असाल, तर ऐकलीच आहे. जेवणं उरकली, पान आलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, ती मिरचीवाली होऊन जाऊ द्या." मी आधी नाही म्हणतो. नाही म्हणायचीही माझी एक अदा आहे — डोळे मिटायचे, एक हात वर, जणू देवानेच तोंडाला कुलूप घातलंय. मग कुलूप उघडतं. मिरची भाजणाऱ्या पोरीची गोष्ट! लोक असे हसतात की एकदा एका व्याह्यांच्या नाकातून मठ्ठा आला होता.

ती गोष्ट खोटी आहे.

खरी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आणि मी काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे — माझ्या पोटात जेवण सोडून काहीही टिकत नाही. मग हीच कशी टिकली? सांगतो. पण एकदम नाही. कडेकडेने येतो. उडी मारायला मी काही शूर नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

आधी माझी ओळख, म्हणजे कुणाकडे तुच्छतेने बघायचं ते नक्की होईल. जालन्यात मस्तगडला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्राम तयार करतो — म्हणजे माझ्याकडची मुलं तयार करतात आणि मी कारखान्यात जाऊन चहा पितो. ह्या कारखान्यांत बी वाळवायचं मोठं यंत्र असतं, ड्रायर. आतली गरमी कुठवर चढू द्यायची आणि कुठे थांबवायची, हे त्याला जोडलेल्या डब्यातला प्रोग्राम ठरवतो. मक्याला जी गरमी चालते ती मिरचीच्या बियाला चालत नाही. ते जात्याच नाजूक. जरा हद्द ओलांडली की बी दिसायला तसंच राहतं, पिवळंधमक, चकचकीत — आणि आत मेलेलं असतं. (इथे 'माझ्यासारखंच' असं एक वाक्य सुचलं होतं. खोडलं. स्वतःवर असली वाक्यं टाकून टाळी घ्यायची मला जुनी खोड आहे, आणि आज टाळी नको.)

नसरीन आमच्याकडे आली तेव्हा आमचा कारभार कसा होता? प्रत्येक कारखान्याचा प्रोग्राम वेगळा बांधायचा. कारखान्याचं नाव वेगळं, ड्रायर किती ते वेगळं, गरमीची हद्द वेगळी. प्रोग्राम बांधायची जी हुकमांची यादी असते, बिल्ड स्क्रिप्ट, तीच आम्ही एकाची दुसऱ्याला चिकटवून हाताने बदलत असू. एका कारखान्याच्या पडद्यावर दुसऱ्याच कारखान्याचं नाव झळकायचं. मग मी जायचो, एखादा किस्सा सांगायचो, आणि गिऱ्हाईक हसत हसत चूक विसरायचं. हा माझा धंदा. लोक त्याला इंजिनियरिंग म्हणत. आमच्याकडे ज्याचा आवाज मोठा आणि शर्ट इस्त्रीचा, तो इंजिनियर.

नसरीन जाफराबादच्या एका शिंप्याची मुलगी. जुन्या जालन्यात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायची, शनिवारी जीपने गावी जायची. तिने महिनाभर आमचा तो गोंधळ मुकाट पाहिला आणि मग एक साचा केला. एकच बिल्ड स्क्रिप्ट, आणि जिथे जिथे काही बदलतं तिथे रिकामी जागा. बाजूला, ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये, प्रत्येक कारखान्याची एक छोटी फाईल, तिच्यात फक्त त्या कारखान्याच्या व्हॅल्यू — नाव अमुक, ड्रायर इतके, गरमीची हद्द इतकी. एक हुकूम दिला की साच्यातल्या रिकाम्या जागांमध्ये त्या व्हॅल्यू जाऊन बसायच्या आणि त्या कारखान्याची भरलेली स्क्रिप्ट तयार व्हायची. तिच्यातून प्रोग्राम बांधायचा. बस. खालच्या पत्रिकावाल्याचं काम असतं, अगदी तसंच. गणपती तोच, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तेच, नवरानवरीचं नाव तेवढं नवं.

तिचा नियम एकच होता, आणि तो ती बिलकुल सोडत नसे.

"सर, भरलेल्या फाईलला हात न्हाई लावायचा. व्हॅल्यूच्या फाईलीत बदला, न्हाई तर साच्यात बदला. हातानं तिथंच बदललं, अन् उद्या मी परत भरली, तर तुमचं लिहिलेलं गेलं ना मंग."

बरोबरच होतं. छापून आलेल्या एका पत्रिकेवर पेनाने मामांचं नाव दुरुस्त केलं, तर ती एक पत्रिका सुधारते. पुढच्या गठ्ठ्यात मामा पुन्हा चुकीचेच. हे खालच्या दुकानातला माणूस सांगेल. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण नियम माझ्या हाताखालच्या मुलीने केला होता, आणि नियम करायचा माझा हक्क होता — पाळायचा मात्र नव्हता.

भरलेल्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर आपोआप एक ओळ यावी अशी सोय तिने केली होती. 'ही फाईल यंत्राने भरली आहे. हाताने बदलू नये.' मी सगळ्यांसमोर ती ओळ मोठ्याने वाचली. म्हटलं, "अगं, ही काय विजेच्या डीपीवरची पाटी आहे? मग खोपडी कुठंय? दोन हाडं कुठायत?" ऑफिस हसलं. तीही हसली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ओळीच्या वर खोपडी! कंस, शून्यं, आडव्या रेघा अशा कीबोर्डावरच्या खुणा जुळवून तिने रीतसर कवटी काढली होती, खाली दोन हाडांची फुली. "आता तरी भ्याल ना, सर?" मी म्हटलं, "मी तर माझ्या सासूलाही भीत नाही." पुन्हा हशा. ते दिवस बरे होते. मला आवडायची ती पोरगी. हे इथे नोंदवून ठेवतो — सवलत म्हणून नाही. ज्याचा राग येतो त्याचं वाईट कुणीही करतं. त्यात काय विशेष?

मग तो दिवस. एमआयडीसीतल्या एका शेठच्या कारखान्यात बाहेरगावचे बडे पाहुणे आले होते आणि शेठने मला दाखवायला बोलावलं होतं — ड्रायर दाखवायला नाही, मला. 'हे आमचे इंजिनियर साहेब.' मी रंगात आलो होतो. तेवढ्यात तिथल्या प्रयोगशाळेतले पवार पुढे आले. बियाण्याची उगवण तपासणं हे त्यांचं काम. म्हणाले, "साहेब, आता मिरचीचं बी येऊन राह्यलं. हे मक्याच्या हिशोबानं लावेल हाय. हद्द खाली आणा लागती."

योग्य काय होतं? नसरीनला फोन करायचा. तिने ऑफिसात त्या कारखान्याच्या व्हॅल्यूच्या फाईलीत एक आकडा बदलला असता, स्क्रिप्ट नव्याने भरली असती, पाठवली असती. एक चहा होईस्तोवरचं काम. पण पाहुणे उभे होते! आणि फोन करून एका मुलीला विचारणारा माणूस जादूगार कसा दिसेल?

मी कारखान्याच्या कॉम्प्युटरवरची भरलेली फाईलच उघडली. वर खोपडी होती. माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळा मारला — खरंच मारला, मला आठवतंय — आणि खाली जाऊन गरमीचा आकडा हाताने बदलला, प्रोग्राम बांधला, डब्यात टाकला. शेवटचं बटण मी डोळे मिटून, करंगळीने दाबलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठने पाठीवर थाप मारली. ऑफिसात परत आलो, आणि व्हॅल्यूच्या फाईलीत तो आकडा टाकला नाही. विसरलो म्हणू का? त्या दिवशी विसरलो नव्हतो. 'मी भरलेल्या फाईलला हात लावला' असं नसरीनला सांगावं लागलं असतं, आणि तिने काही न बोलता फक्त मान हलवली असती. ती हललेली मान मला नको होती. एवढंच.

डब्यात माझा आकडा, व्हॅल्यूच्या फाईलीत जुना. काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मिरचीच्या दोनतीन खेपा छान वाळल्या.

मग शेठच्या मनात आलं की ड्रायरच्या पडद्यावर आपल्या दिवंगत वडिलांचं नाव असावं. मी म्हटलं, आजच्या आज! आणि नसरीनला धाडलं. मी स्वतः बदनापूरला एका लग्नात होतो. पंगत उठली होती, मंडपात खुर्च्यांचं कोंडाळं जमलं होतं, मध्ये मी. एक किस्सा अगदी शेवटाला आला होता — आता एक वाक्य, आणि सगळे कोसळणार. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, शेठच्या वडलांचं नाव व्हॅल्यूत टाकलं. आता फोल्डरमधली ताजी फाईल घेऊन भरून राह्यले. इथला अजून काही बदल हाय का?"

तिने विचारलं होतं. हे वाचलंत ना? तिने विचारलं होतं!

आणि मला आठवलं. लख्ख आठवलं — करंगळी, टाळ्या, डोळा मारलेली खोपडी. सांगायला किती वेळ लागला असता? पण समोर दहाबारा तोंडं अर्धी उघडी होती, हसण्याच्या तयारीत. किस्सा असा टांगून ठेवला की मरतो, हे सांगणाऱ्यालाच कळतं. मी म्हटलं, "काही नाही गं, भर आणि ये," फोन ठेवला, आणि शेवटचं वाक्य टाकलं.

मंडप कोसळला. काय हसले लोक!

मागाहून फोन करू, असं मनात म्हटलं होतं. मग जिलबी आली. मग आणखी एक किस्सा निघाला. त्या संध्याकाळी ड्रायरमध्ये मिरचीच्या बियाची नवी खेप भरली गेली. जाफराबादकडच्या शेतकऱ्यांनी शेडनेटमध्ये जपून, फुलाफुलाला हाताने पराग लावून केलेलं बी. नसरीनने नियमाने भरलेल्या स्क्रिप्टमध्ये मक्याचा आकडा पुन्हा येऊन बसला होता. माझा हाताने लिहिलेला आकडा पुसला गेला होता — आणि त्याच्याबरोबर माझा हातही. बघा गंमत. तिने काम चोख केलं म्हणून माझ्या चुकीचा पुरावा उरला नाही. गबाळी असती तर मी सापडलो असतो.

पंधराएक दिवसांनी दुपारी पवारांचा फोन आला. "साहेब, उगवण लावल्ती. एक बी मोड न्हाई. समदं मेलेलं. डब्यात मक्याचीच हद्द हाय, मंग तुम्ही काय केल्तं?"

मी फोन ठेवला. नसरीन समोरच्या टेबलावर डबा खात होती. मी कॉम्प्युटरवर त्या कारखान्याची व्हॅल्यूची फाईल उघडली. जुना आकडा तसाच होता. आणि मी — किस्सा रंगवताना जी बोटं हवेत नाचतात, त्याच बोटांनी — तो खोडून मिरचीचा आकडा टाकला आणि फाईल जतन केली. म्हणजे कुणीही उघडली तर दिसावं, सरांनी तर केव्हाच बरोबर केलेलं आहे. तेवढ्यात नसरीनने डबा पुढे केला. "खालानं तहरी देलीय, सर. घ्या ना." मी घेतली. उजवा हात माउसवर होता म्हणून डाव्या हाताने घेतली. मसालेभातासारखी, चवदार होती.

दुसऱ्या दिवशी शेठच्या खोलीत मी, नसरीन, पवार. शेठ मला काही बोलले नाहीत, कारण शेठने स्वतःच्या डोळ्यांनी मला हद्द कमी करताना पाहिलं होतं. पाठीवर थापही मारली होती. तो सगळा तमाशा माझा साक्षीदार झाला. "साहेबांनी आमच्यासमोर खाली आणलं. नंतर तुम्ही आलात आणि वर गेलं. बोला मॅडम."

नसरीनला त्या दिवसाचं काहीच माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे वळून विचारलं — आरोप म्हणून नाही, कामाचं विचारतात तसं —

"सर, तुम्ही व्हॅल्यूच्या फाईलीत टाकल्तं ना?"

हाच तो प्रश्न. ह्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे काय? टाकलंच होतं. बघ की उघडून."

तिने तिथेच उघडलं. होतंच. मग लॅपटॉपवर तिची भरलेली स्क्रिप्ट उघडली. जुना आकडा. ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. फाईल कधी बदलली त्याची वेळ तिथेच, नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलेली असते. एक नजर टाकली असती तर आदल्या दिवशीची दुपार दिसली असती, तहरीची वेळ. तिने नाही पाहिली. मशीनवर शंका घ्यायला ती शिकली होती. माझ्यावर शंका घ्यायला नव्हती शिकली.

"मंग माझ्याकडनं लॅपटॉपवरची जुनी फाईल भरल्या गेली, सर," ती हळूच म्हणाली.

मी उसासा टाकला. तोही बेतून. आणि म्हटलं, "असू दे. पण बाई, निदान फोडणीला तरी ठेवायची थोडी! सगळीच भाजलीस." शेठ हसले. पवारांनी मान खाली घातली. मिरचीवाल्या गोष्टीचा जन्म तिथे झाला. ती पोरगी त्या खोलीत उभी होती तेव्हाच.

शेठने शेतकऱ्यांचे पैसे दिले. आणि देताना, हे कुणामुळे झालं तेही सांगितलं. शेतकरी जाफराबादकडचे. जाफराबाद केवढं आहे? जीपस्टँडपासून बाजारापर्यंत बातमीला चालत जावंही लागत नाही, ती तिथेच असते. शिंप्याच्या पोरीनं मिरची भाजली.

तिच्या अब्बांनी तिला जालन्याला पाठवलं तेव्हा एकच अट घातली होती, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. हसत हसत, अब्बांचा आवाज काढून. "जब तक कोई नाम नहीं रखता, तब तक जाओ. जिस दिन लोगां बातां बनाए, उस दिन घर." म्हणजे काय पणाला लागलंय हे मला माहीत होतं. मी अंधारात दगड मारला नाही. दिवा लावून मारला.

अब्बा आठवड्याभराने ऑफिसात आले. पांढरी दाढी, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. एसटीने आले असतील, काढायचं विसरले असतील. माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बच्ची है, साहब. गलती हो गई. माफ करो." मी खुर्चीवरून उठलो, त्यांचे हात हातात घेतले, आवाज जाड केला आणि म्हटलं, "चाचा, चूक कुणाच्या हातून होत नाही?"

मी त्यांना माफ केलं. मी. त्यांना.

ते जाताना तिचा डबा आणि खुर्चीवर टाकायची छोटी उशी घेऊन गेले. ती स्वतः आली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्यावर तुम्हीच हसला आहात. गोष्ट मी वाढवत नेली. पहिल्या वर्षी पोरगी फक्त चुकत होती. दुसऱ्या वर्षी ती फोनवर बोलत बोलत बटण दाबायला लागली. मग तिच्या कानात गाणी आली. मग ड्रायरमधून ठसका उठला, सारी एमआयडीसी खोकत रस्त्यावर आली, शेठ डोळे चोळत ओरडतायत आणि मी एकटा ओला रुमाल तोंडाला बांधून आत शिरतोय. काय प्रसंग! मिरचीच्या वाळत्या बियाचा असा ठसका उठत नाही हे ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना माहीत असतं. जालन्यात कुणाचा मामा बियाण्यात नाही? तरी हसतात. तुम्हीही हसलात. तुम्हाला नावं ठेवत नाही. म्हणजे, थोडी ठेवतो. सांगणारा हरामखोर असला तरी ऐकणाऱ्याने एकदा विचारावं की नाही, ती पोरगी काय म्हणाली होती? एकानेही विचारलं नाही. एका इंजिनियरिंग कॉलेजात मला 'अनुभवाचे बोल' सांगायला बोलावलं, तिथेही हीच सांगितली. भाषण संपल्यावर शाल दिली. ती शाल मी प्रवासात वापरतो. ऊबदार आहे.

आणि नसरीनचा साचा? तो आम्ही अजून वापरतो. भरलेल्या प्रत्येक फाईलवर अजून खोपडी येते. नव्या मुलांना वाटतं, ती मी काढली. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही. तसं नाही, असंही सांगितलेलं नाही.

ह्या उन्हाळ्यात कामासाठी जाफराबादला गेलो होतो. बाजारातून जाताना एका दुकानातून हाक आली, "सर!" मी ओळखलं नाही, असं दाखवायचा विचार केला. तो विचार पूर्ण होईपर्यंत तिने स्टूल पुढे ओढलंही होतं. अब्बा आता थकलेत, दुकान ती बघते. शाळेचे गणवेश. पुठ्ठ्याचे फरमे खिळ्यांना टांगलेले — बाहीचा, कॉलरचा, चड्डीचा. त्यांवरून कापड कापायचं. त्यांतल्या सगळ्यात जुन्या, मूळ फरम्यांवर काळ्या पेनाने एकेक खोपडी काढलेली होती. खाली लिहिलेलं: 'याला कात्री लावू नये.'

मी बघतोय हे तिने पाहिलं आणि हसली. "आदत हाय, सर."

चहा आला. ती बोलत होती, मी ऐकत होतो. जन्मात पहिल्यांदा, बहुतेक. म्हणाली, "तुम्ही तवा मला एक शब्द बी रागानं न्हाई बोलले. अब्बा अजून दुवा देतेत तुम्हाला. दुसऱ्या कुणी असतं तर पोलिसात दिलं असतं." मी हात हलवला — अगं, त्यात काय. मग कापडावर खडूने रेघ ओढता ओढता तिने सहज सांगितलं —

"एक सांगू, सर? मी ताजी फाईल घेतल्याबिगर कधी भरतच न्हव्हते. त्या दिवशी बी घेतल्ती, असं मला आठवतंय. फोनवर तुम्हाला बोलल्ते बी, असं वाटतंय. पन आठवण्याचं काय — माणसाला सोयीचं तेच आठवतं. लई दिवस झोप न्हाई आली मंग. शेवटी ठरवलं, आपल्या आठवणीवर भरोसाच न्हाई ठेवायचा. आता एका पोराचं माप घेतलं की परत घेते. तरी शिवताना वाटतं, बराबर घेतलं का? गिऱ्हाईक हसतेत."

तिने गणवेशाच्या मापाला आलेल्या एका पोराला पुन्हा उभं केलं आणि टेप पुन्हा लावली. आकडा तोच आला. तिने तो तिसऱ्यांदाही पाहिला.

मी म्हटलं, "चांगली सवय आहे." चहा संपवला. निघालो. शनिवारी जालन्यात एका बारशाला होतो. जेवणानंतर कुणीतरी म्हणालं, "सर, मिरचीवाली." मी डोळे मिटले, हात वर केला, नको म्हटलं. मग सांगितली. ह्या वेळी तिच्यात एक शिंपीही घातला.

मिरचीची हद्द मी हाताने बदलली होती. व्हॅल्यूच्या फाईलीत ती टाकली नव्हती. तिने विचारलं तेव्हा मला आठवलं होतं. फाईल मी मागाहून बदलली, तिचा डबा खात. त्या दिवशी नसरीनने फोल्डरमधली ताजी फाईलच घेतली होती, आणि फोनवर मला तसं सांगितलंही होतं.

तिला सगळं बरोबर आठवतंय.